लेव्हल वाढवली म्हणून कॉम्प्युटर हुशार होत नाही

नवा स्ट्रॅटेजी गेम डाउनलोड झाला की पहिल्याच पडद्यावर प्रश्न येतो: डिफिकल्टी कोणती? ठाणे-वाशी लोकलच्या ग्रुपमध्ये विचारलं तर "नॉर्मल घे रे, पुढचं पुढे बघू" हे उत्तर ठरलेलं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये नॉर्मल नावाची पायरीच नाही. सेटलर, चीफटन, वॉरलॉर्ड, प्रिन्स, किंग, एम्परर, इम्मॉर्टल, डीटी अशा आठ आहेत. 'एक्सकॉम २' मध्ये चार: रूकी, व्हेटरन, कमांडर, लीजंड. नावांवरून काहीच कळत नाही. या पायरीवर कोणाचा कोणता आकडा बदलतो, हे आधी पाहावं लागतं.

बहुतेक स्ट्रॅटेजी गेममध्ये लेव्हल वाढली की प्रतिस्पर्ध्याची अक्कल फारशी वाढत नाही, त्याची तिजोरी वाढते. सिव्हिलायझेशन ६ मध्ये प्रिन्सवर कोणालाच सवलत नाही. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर कॉम्प्युटरला उत्पादन, सोनं आणि विज्ञान टक्केवारीने जास्त मिळतं, त्याच्या सैनिकांना लढाईत जादा बळ मिळतं. डीटीवर तर तुम्ही एक सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) घेऊन निघता आणि समोरचा प्रत्येक जण तीन. प्रिन्सच्या खाली हेच उलटं: लढाईतलं जादा बळ तुमच्या बाजूला. 'स्टारक्राफ्ट २' मध्ये हा प्रकार लपवलेलाही नाही. तिथल्या सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांचं नावच चीटर १, २ आणि ३ आहे. पहिल्याला सगळा नकाशा दिसतो, पुढच्या दोघांना त्यावर खनिजंही जास्त मिळतात. कॅरममध्ये समोरच्याच्या चार सोंगट्या आधीच पॉकेटमध्ये टाकून डाव मांडावा, तसं हे. त्याचा नेम होता तेवढाच राहतो.

असं का करतात? बुद्धिबळात एका वेळी एकच मोहरा हलतो. इथे एका टर्नमध्ये, म्हणजे एका पाळीत, डझनभर तुकड्या, पाच-सात शहरं, संशोधन, तह, व्यापार हे सगळं ठरवायचं असतं, आणि तेही घरच्या लॅपटॉपवर काही सेकंदांत. खरोखर चांगला खेळणारा प्रोग्रॅम बनवता येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या डीपमाइंड कंपनीच्या 'अल्फास्टार' प्रोग्रॅमने २०१९ मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या ग्रँडमास्टर या सर्वोच्च श्रेणीत जाऊन ते दाखवलं. पण त्यामागे जी संगणकशक्ती ओतली होती ती गेमच्या डब्यात भरून विकता येत नाही. तक्त्यातला एक आकडा वाढवणं त्यापेक्षा फार स्वस्त. अपवाद आहेत. 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या २०१९ च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीत सर्वांत वरची एक्स्ट्रीम पायरीसुद्धा जादा अन्न-लाकूड न घेता खेळते. ती तुमच्यापेक्षा जलद आणि नेटकी खेळते इतकंच. अशा गेममध्ये पायरी चढणं म्हणजे खरोखर बरा खेळ समोर येणं.

हा फरक महत्त्वाचा, कारण चुकीच्या पायरीवर चुकीचे धडे पक्के होतात. अगदी खालून सुरुवात केली तर शेजारी क्वचितच नीट चाल करून येतात. त्यातून सैन्य म्हणजे वायफळ खर्च, आधी पिरॅमिड बांधू, अशी सवय लागते. दोन पायऱ्या वर गेल्यावर पहिल्याच हल्ल्यात राजधानी जाते आणि काय चुकलं ते कळत नाही, कारण आजवर तेच बरोबर ठरत होतं. थेट एम्पररवर उडी मारणाऱ्याचं वेगळंच होतं. समोरचा दोन सेटलर घेऊन आल्यामुळे सुरुवातीची आश्चर्यं (पिरॅमिडसारख्या भव्य वास्तू) आधीच हातची जातात, विज्ञानात तो पुढे पळतो. मग टिकायचा एकच मार्ग सापडतो: लवकर सैन्य जमवून शेजाऱ्याचं शहर काबीज करायचं. तो चालतो, म्हणून पुन्हा पुन्हा तोच वापरला जातो आणि निम्मा गेम न उघडताच राहतो.

तेव्हा सुरुवात दोन्ही बाजूंना समान नियम असलेल्या पायरीवर करावी. सिव्हिलायझेशनमध्ये ती प्रिन्स. हा प्रकारच आयुष्यात पहिल्यांदा खेळत असाल तर पहिल्या डावापुरती एक पायरी खाली, वॉरलॉर्ड. तो डाव शेवटपर्यंत नेण्याची गरज नाही.

ही समान पायरीसुद्धा जड गेली तर लेव्हल उतरवण्याआधी नकाशा लहान करा. माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात खेळवू शकतो, असा मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांचा २००१ चा निष्कर्ष आहे. स्टँडर्ड नकाशावर आठ राष्ट्रं असतात, टायनीवर चार, ड्यूएलवर दोन. ड्यूएलवर प्रिन्स खेळलात तर नियम खरे राहतात, फक्त लक्ष ठेवायच्या जागा कमी होतात. आमच्या मते हा पर्याय सर्वांत कमी वापरला जातो आणि सर्वांत जास्त उपयोगी आहे.

पायरी बरोबर आहे की नाही हे जिंकण्या-हरण्यावरून ठरवू नये. सिव्हिलायझेशन ६ चा साध्या वेगाचा डाव ५०० टर्नचा असतो. विसाव्या टर्नला शहर चुकीच्या जागी वसवलं तर त्याची किंमत दीडशेव्या टर्नला कळते, आणि मधल्या शेकडो निर्णयांतून नेमका तोच शोधणं जवळजवळ अशक्य. यंत्रांना शिकवणारेही याच अडचणीशी झगडतात: निकाल उशिरा आला की श्रेय-दोष कोणत्या चालीला द्यायचा? शिवाय आकडाच लहान. जिंकण्याची शक्यता निम्मीच असलेल्या पायरीवरही सलग तीन डाव जिंकणं आठात एकदा निव्वळ योगायोगाने घडतं.

रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेला ८५ टक्क्यांचा नियम इथे अनेकदा सांगितला जातो: साधारण १५ टक्के चुका होत असतील तर शिकणं सर्वांत जलद. तो नियम हो किंवा नाही अशा छोट्या निर्णयांसाठी, काही ठरावीक शिकण्याच्या पद्धतींबद्दल आहे. शंभरातले ८५ डाव जिंका असा त्याचा अर्थ काढणं चूक.

त्यापेक्षा सुरुवात मोजा. पहिल्या टर्नलाच सेव्ह करा, साठ टर्न खेळा, शहरं किती, लोकसंख्या किती, सैनिक किती ते लिहा. मग तोच सेव्ह उघडून त्याच नकाशावर दुसऱ्या पद्धतीने साठ टर्न खेळा. निकाल महिन्याने नाही, त्याच संध्याकाळी हातात येतो. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये मोजणं आणखी सोपं. एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत टाउन सेंटर (गावकरी तयार करणारी मुख्य इमारत) दोन मिनिटं रिकामं राहिलं तर जवळपास पाच गावकरी गेले. तेवढी गळती होत असेल तर पायरी कोणतीही असो, आधी ती थांबवा.

पायरी कधी बदलावी याच्या खुणा साध्या आहेत. डाव अर्धाही झाला नाही आणि आपणच जिंकणार हे स्पष्ट दिसतंय, तर तो तिथेच सोडून एक पायरी वर जा. सिव्हिलायझेशनमध्ये चालू डावाची पायरी बदलता येत नाही, त्यामुळे सोडण्यात कमीपणा नाही. हरलात पण कुठे घसरलो ते बोट ठेवून सांगता येतंय, तर तिथेच राहा. कारणच सांगता येत नसेल तर नकाशा लहान करा, त्यानेही भागलं नाही तर एक पायरी खाली.

एक्सकॉम २ सारख्या गेममध्ये नेम लागण्याची शक्यता टक्केवारीत पडद्यावर दिसते, तिच्याबद्दल एक सावधगिरी. ९० टक्क्यांचा नेम चुकला की गेम फसवतो असं वाटतं. पण असे दहा नेम धरले तर त्यांतला निदान एक चुकण्याची शक्यता ६५ टक्के आहे. सिव्हिलायझेशनचे जनक सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं की तीनास एक वरचढ असताना हरणं खेळाडूंना अजिबात पटत नाही, मात्र एकास तीन कमजोर असताना कधीतरी जिंकणं त्यांना रास्त वाटतं. एक्सकॉम २ मध्ये खालच्या पायऱ्यांवर पडद्यावर न दाखवता तुमचा नेम थोडा वाढवला जातो, लीजंडवर ही मदत नसते. म्हणून वर गेल्यावर नशीब फिरल्यासारखं वाटतं. फिरलेलं नसतं, दाखवलेला आकडा आता खरा असतो.

आणि कॉम्प्युटरला कंटाळून माणसांशी खेळायला गेलात तर पायरी निवडायचा प्रश्नच उरत नाही. एज ऑफ एम्पायर्स २ च्या रँक्ड डावांत प्रत्येक जण १००० एलो गुणांवर (खेळाडूची ताकद मोजणारे गुण) सुरू होतो. त्या सूत्रात २०० गुणांनी वरचढ असलेला साधारण ७६ टक्के डाव जिंकतो. अगदी नवखा माणूस १००० पेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे पहिले आठ-दहा डाव बहुतेक हरण्यातच जातात. गुण खाली येऊन तोडीस तोड माणसं समोर येऊ लागली, की मग निम्मे डाव हातात येतात.