फॉरमॅट करू का? ‘नाही’ म्हणा

जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली, दोन-चार वेळा खरखर झाली आणि पडद्यावर प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? इथं ‘हो’ दाबून लोकांनी जितक्या फाइली घालवल्या असतील, तितक्या बुरशीनंही खाल्ल्या नसतील. संगणकाला एवढंच म्हणायचं असतं, की चकतीच्या अगदी सुरुवातीचा मजकूर त्याला ओळखू आला नाही. पुढच्या ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या गोल पट्ट्यांवर, काय आहे, हे त्यानं अजून पाहिलेलंच नसतं.

कोल्हापुरात अशा फ्लॉप्या अजून निघतात. पतसंस्थेच्या कपाटातून, दूध संस्थेच्या जुन्या दप्तरातून, लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याच्या ड्रॉवरमधून, कुणाच्या एम.फिल.च्या प्रबंधाला मागं चिकटवलेल्या पाकिटातून. सोनीनं २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं बंद केलं, तेव्हा हातात येणारी चकती म्हातारीच असणार. त्यात आपली हवा. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथं फ्लॉपीचं काय घेऊन बसलात!

प्लास्टिकच्या चौकोनी कवचात असते ती पॉलिएस्टरची पातळ चकती. तिच्या दोन्ही अंगांना आयर्न ऑक्साइडच्या बारीक कणांचा थर, एका चिकट पदार्थात बसवलेला. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, म्हणजे तुकडे, आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. डब्यावर छापलेलं ‘१.४४ एमबी’ मात्र हजार आणि १०२४ यांची खिचडी करून काढलेलं आहे, कुठल्याच सरळ हिशेबानं ते जुळत नाही. असो.

महत्त्वाची गोष्ट अशी, की हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, चकतीवर अधांतरी राहतं, तर फ्लॉपीचं हेड चकतीला चक्क टेकतं आणि चकती मिनिटाला ३०० फेरे घेते. वर धूळ किंवा बुरशी असेल तर ती हेडला चिकटते, हेड थराला ओरखडतं, आणि तेच घाणेरडं हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडतं. म्हणून ‘घालून तर बघू’ हा मोह पहिल्यांदा आवरायचा.

आधी डोळ्यांनी बघायचं. धातूचं शटर एका बोटानं बाजूला सरकवून धरा, मागची धातूची गोल टिकली दुसऱ्या बोटानं हळूहळू फिरवा आणि पृष्ठभागावर तिरपा उजेड पाडा. निरोगी चकती एकसारखी गडद, तुकतुकीत दिसते. बुरशी असली तर करडे-पांढरट ठिपके किंवा जाळी दिसते. ती बरी म्हणायची, कारण ती पुसता येते. गोलाकार रेघ दिसली आणि तिच्यातून पलीकडचा उजेड आला, तर तिथला थर खरवडून गेलेला आहे. त्या रेघेवर जे लिहिलं होतं ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणणार नाही.

बुरशी काढायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा वापरतात. बोळा हलका टेकवून चकती थोडी थोडी फिरवायची, घासायची नाही. बोळ्यावर तपकिरी रंग येऊ लागला तर तिथंच थांबायचं. घाण निघत नसून थरच सुटायला लागलाय. जुन्या चकत्यांमध्ये कण धरून ठेवणारा पदार्थ ओलाव्यानं कमकुवत होतो, आणि चुंबकत्व आपोआप उडून जाण्यापेक्षा हे दुखणं जास्त गंभीर.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि आसपास शिरलं, तेव्हा कितीतरी दुकानांची कागदपत्रं आणि यंत्रं पाण्याखाली गेली. पाण्यात भिजलेली फ्लॉपी बघून लोक ती थेट कचऱ्यात टाकतात. पण पाण्यानं चुंबकीय खुणा पुसल्या जात नाहीत. नुकसान करतो तो गाळ. कवच उकलून चकती अलगद बाहेर काढायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घालून विसळायची, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढायची, सावलीत वाळवायची आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या स्वच्छ कवचात बसवायची. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली धरलीत तर चकती वाकडी होईल, मग सगळी मेहनत वाया.

आता ड्राइव्ह. त्याआधी कोपऱ्यातली ती सरकणारी खिट्टी तपासा. भोक उघडं दिसलं की लिहायला बंदी, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. बंदी घातली की संगणकाला चकतीवर काहीच ‘दुरुस्त’ करता येत नाही. मग फाइली एकेक कॉपी करत बसू नका. अख्ख्या चकतीची सेक्टर-सेक्टर अशी एक इमेज फाइल, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बनवा आणि पुढचे सगळे उद्योग त्या इमेजवर करा. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी नामी आहे. सहज वाचता येणारे सेक्टर ते आधी उचलतं, अडलेल्यांची नोंद ठेवतं आणि मग त्यांच्यामागं लागतं. एका ड्राइव्हवर अडलेले सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचायला द्यायचे, नोंद तीच चालू राहते.

दुसऱ्या ड्राइव्हनं फरक का पडावा? दोन ट्रॅकमधलं अंतर सुमारे ०.१९ मिलिमीटर. ज्या ड्राइव्हनं लिहिलं तिचं हेड तेव्हा किंचित सरकलेलं असेल, तर आजचं नीट बसवलेलं हेड ट्रॅकच्या कडेवरून जातं आणि अर्धवटच ऐकतं. म्हणून भंगारात काढलेला जुना संगणक आधी परत आणावा. ती फ्लॉपी ज्यानं लिहिली तो तोच असेल तर निम्मं काम झालं.

सेक्टर खराब आहे हे संगणकाला कसं कळतं, हेही बघण्यासारखं आहे. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी १६ बिटांची एक ताळ्याची संख्या लिहिलेली असते. वाचलेल्या मजकुरावरून तीच संख्या पुन्हा काढायची आणि लिहिलेलीशी ताडून पाहायची. ताळा चुकला की ५१२ च्या ५१२ बाइटवर ‘वाचता येत नाही’ असा शिक्का बसतो, मग प्रत्यक्षात एकच बिट हुकलेलं का असेना.

यातून वाट काढतात ती ड्राइव्ह आणि संगणकाच्या मध्ये जोडायची ग्रीझवीझलसारखी छोटी सर्किट. ती ताळ्याच्या भानगडीत पडतच नाहीत. चकतीवर चुंबकत्वाची दिशा जिथं जिथं बदलते त्या दोन बदलांमधला वेळ तेवढा मोजतात. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर हे अंतर २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंदांचं असतं, यापलीकडे चौथा प्रकार नाही. थकलेल्या चकतीवर ते अडीचच्या आसपास येतं आणि साधा ड्राइव्ह गोंधळतो. तोच ट्रॅक अनेक फेऱ्यांत नोंदवला, एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग, की कुठलं बिट डळमळतंय ते दिसतं. मग दोन्ही शक्यता घालून बघायच्या. ज्या शक्यतेनं ताळा जुळतो ती धरायची. मला तरी या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. यूएसबीला जोडायचे बाहेरचे फ्लॉपी ड्राइव्ह इथं कुचकामी, ते आतले कच्चे संकेत बाहेर देतच नाहीत.

इमेज मिळाली, पण फाइली दिसत नाहीत, असंही होतं. फाइलींची यादी आणि कुठली फाइल कुठल्या सेक्टरांत विखुरली आहे याचा तक्ता, हे सगळं डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या फ्लॉपीवर पहिल्या ३३ सेक्टरांत, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर असतं. तक्ता खजिन्याच्या खेळातल्या चिठ्ठ्यांसारखा चालतो, प्रत्येक नोंद पुढचा तुकडा कुठं आहे ते सांगते. दर वेळी काही सेव्ह केलं की हेड इथं येतं, त्यामुळे झीजही इथंच जास्त. तक्त्याच्या दोन प्रती मात्र असतात. पहिली फाटली तर दुसरी वापरता येते. आणि पुसलेली फाइल? डॉस फक्त नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि तक्त्यातल्या तिच्या नोंदी मोकळ्या करतं. मजकूर जागेवरच राहतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

एवढं करून मराठी फाइल उघडावी आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं नि चिन्हांचा काला दिसावा! घाबरू नका, फाइल बहुतेक धडधाकट आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारं अक्षरांचं प्रमाण, नव्हतं, अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, रफार नंतर. तोच फॉन्ट टाकला की मजकूर दिसतो, युनिकोडमध्ये हवा असेल तर कन्व्हर्टर लागतो आणि त्यानंतर जोडाक्षरं हातानं तपासावी लागतात.

लग्नपत्रिकेतलं एखादं जोडाक्षर चुकलं तर यजमान फार तर रागावतील. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपची गोष्ट वेगळी. जुन्या सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशीनचे प्रोग्राम फ्लॉपीवरच असायचे, आणि जिथं बिडाची भुकटी उडते तिथं त्या फ्लॉप्या किती स्वच्छ राहणार! न वाचलेल्या सेक्टरच्या जागी डीडीरेस्क्यू इमेजमध्ये शून्यं सोडतं, आणि १६ बिटांचा ताळा क्वचित चुकीच्या मजकुरालाही पास करतो. म्हणून वाचवलेला प्रोग्राम आधी छापील प्रतीशी किंवा ड्रॉइंगमधल्या मापांशी ओळ न् ओळ ताडायचा, मग जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, न लावता टूल हवेत फिरवून ड्राय रन घ्यायचा. तो नीट झाला, की फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच जागी पेन ड्राइव्ह चालवणारा एम्युलेटर बसवून घ्यायचा.