दूरसंचार क्षेत्रपथक, विद्यापीठातील

दूरसंचार क्षेत्रपथक, विद्यापीठातील : विद्यापीठाच्या आवारातील ऑप्टिकल फायबर, तांब्याच्या केबली, वाय-फाय, अंतर्गत दूरध्वनी, कॅमेरे आणि या सगळ्याला लागणारा वीजपुरवठा जागेवर जाऊन उभारणारा, तपासणारा व दुरुस्त करणारा गट. संगणक केंद्रात बसून सर्व्हर सांभाळणाऱ्यांपेक्षा या लोकांचे काम वेगळे असते. त्यांचा दिवस चेंबर (केबलींचे जमिनीखालचे झाकणाचे खड्डे), गच्ची, शिडी आणि रॅक (उपकरणांची कपाटे) यांच्यात जातो. पथक चालवणे म्हणजे कामे वाटून देणे एवढेच नव्हे. जमिनीखाली आणि भिंतीआड काय आहे याची नोंद कामासोबतच खरी ठेवणे, हा त्याचा गाभा. नेटवर्कचा स्विच (केबली एकत्र जोडणारे उपकरण) जळला तर दुसरा मिळतो. केबल कुठून गेली हेच कोणाला ठाऊक नसेल, तर तासाभराचे काम तीन दिवस पुरते.

सातारा-सांगली भागातील शिक्षणसंस्थांची मांडणी या कामाला वेगळे वळण देते. सांगलीच्या विश्रामबाग परिसरात विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) यांची जुनी, ऐसपैस आवारे आहेत. साताऱ्यातील कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ असून यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही त्याची घटक महाविद्यालये. कराडलगत मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठ आहे. तेथे विद्यापीठाला रुग्णालय जोडलेले आहे. जुन्या आवारात अडचण येते ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ठेकेदारांनी टाकलेल्या केबलींची. समूह विद्यापीठात इमारतींच्या मध्ये सार्वजनिक रस्ता येतो. रुग्णालय असेल तिथे दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवायला मोकळी वेळच मिळत नाही.

मनुष्यबळ : मध्यम आकाराच्या आवाराला प्रमुख धरून पाच-सहा जण पुरतात : फायबरचे दोघे, तांब्याच्या केबली व वाय-फायचे दोघे आणि यूपीएस-बॅटरी-अर्थिंग पाहणारा एक. आयटीआयमधून आलेली मुले हे काम लवकर आत्मसात करतात. हात स्थिर असणे आणि लिहून ठेवण्याची सवय, या दोन गोष्टी निवडताना पाहाव्यात. स्प्लायसिंगला (तंतूंची टोके वितळवून जोडण्याला) किंवा उंचीवरच्या कामाला एकटा माणूस कधीही पाठवू नये. बहुतेक ठिकाणी निम्मे पथक कंत्राटी असते आणि ठेका बदलला की माणसे बदलतात. म्हणून प्रत्येक कंत्राटी तंत्रज्ञासोबत कायम सेवेतला एकजण जोडावा आणि ठेक्याचे अखेरचे बिल नकाशे व चाचणीचे अहवाल हाती आल्यावरच काढावे. ही अट करारात आधीच नसेल, तर नंतर कोणी नकाशा देत नाही.

तक्रारींची वर्गवारी साधी ठेवावी. कण्याची (इमारतींना जोडणारी मुख्य) लाइन किंवा परीक्षा विभाग बंद असेल तर तत्काळ, पूर्ण इमारत बंद असेल तर त्याच दिवशी, एकट्या टेबलावरचा पॉइंट दुसऱ्या दिवशी. प्रश्नपत्रिका ऑनलाइन येण्याची पद्धत रुळल्यापासून परीक्षेच्या काळात आवारात कोणतीही खोदाई, फर्मवेअर (उपकरणातली आज्ञावली) बदल किंवा रॅकची आवराआवर करू नये, असा लेखी नियम लागतो.

नकाशा : प्रत्येक चेंबरला क्रमांक, प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना एकच खूण आणि प्रत्येक तंतूला नोंदवहीत एक ओळ. तंतूंच्या रंगांचा क्रम ठरलेला आहे : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बारापेक्षा जास्त तंतू असतील तर तंतूंचे गट ठेवणाऱ्या केबलीतल्या नळ्यांनाही हाच क्रम लागतो. नकाशावर केवळ रेघ ओढून भागत नाही. इमारतीच्या कोपऱ्यापासून किंवा विजेच्या खांबापासून मीटरमध्ये अंतर हवे, कारण झाडे तोडली जातात, पायवाटा बदलतात. चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेला दहा-पंधरा मीटरचा लूपही लिहून ठेवावा. ओटीडीआर (तंतूत प्रकाश सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून दोषाचे अंतर सांगणारे यंत्र) दोष ‘८१२ मीटरवर’ दाखवतो तेव्हा ते अंतर तंतूचे असते, जमिनीचे नव्हे. वाटेत असे तीन लूप असतील तर खोदायची जागा चाळीसेक मीटर अलीकडे येते. नळीत तंतू किंचित पीळ घेऊन बसलेले असल्याने आणखी थोडी वजावट होते. हे न जाणता खोदलेले निष्फळ खड्डे जवळजवळ प्रत्येक जुन्या आवारात सापडतात.

फायबर : आवारात सिंगल-मोड (प्रकाशाला एकच वाट देणारे) फायबर टाकणे श्रेयस्कर. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर त्यातला क्षय (वाटेत प्रकाश कमी होणे) किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल असतो. मुख्य सर्व्हर खोलीपासून वसतिगृहापर्यंत १.२ किमी लाइन धरली, तर तंतूचे ०.४२, दोन स्प्लाइसचे (जोडांचे) प्रत्येकी ०.१ आणि दोन कनेक्टरांचे प्रत्येकी ०.५ मिळून एकूण १.६२ डेसिबल होतात. दहा गिगाबिटच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्यूलला, म्हणजे प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाला, ६.२ डेसिबलपर्यंत मुभा असते. म्हणजे मोजणी चार-पाचवर गेली तरी लाइन चालू राहते आणि कोणाचे लक्ष जात नाही; पुढे एक टोक जरा मळले की ती अधूनमधून पडू लागते. म्हणून ‘चालते आहे’ हा निकष पुरेसा नाही. उभारणीच्या दिवशीचा आकडा जपून ठेवावा आणि वर्षातून एकदा त्याच्याशी ताडून पाहावा.

स्प्लायसिंगमध्ये चूक होते ती यंत्रापेक्षा तयारीत. आवरण सोलून जेली पुसावी, आणि तंतू सोलण्याआधी संरक्षक स्लीव्ह ओवून ठेवावी. ती विसरली की झालेला जोड तोडावा लागतो. २५० मायक्रॉनचा लेप काढून उघडा पडलेला १२५ मायक्रॉनचा तंतू ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, क्लीव्हरने एका अंशाच्या आत सरळ कापावा आणि त्यानंतर त्याला बोट लावू नये. पावसाळी हवेत काम सुरू करण्यापूर्वी यंत्राची आर्क-जुळवणी (तंतू वितळवणाऱ्या ठिणगीची जुळवणी) करून घ्यावी. जोडाचा क्षय ०.१ डेसिबलच्या वर दिसला तर पुन्हा कापावे, तडजोड करू नये. १३१० वर ठीक पण १५५० नॅनोमीटरवर क्षय ठळक वाढलेला दिसला, तर तंतू कुठे तरी दुमडला आहे असे समजावे. बहुधा क्लोजरच्या (जोड ठेवण्याच्या बंद डब्याच्या) ट्रेमध्ये घाईने बसवलेला वेढाच त्याला कारण असतो. केबल ओढताना वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या वीसपट, बसवल्यावर दहापट ठेवावी.

ओटीडीआरला लॉन्च-केबल (यंत्र आणि लाइन यांच्यामधला जादा फायबर) न जोडता चाचणी केली, तर पहिला कनेक्टर यंत्राच्या अंध टप्प्यात लपतो. नेमका तोच सर्वांत जास्त वेळा मळलेला असतो.

तांबे आणि वाय-फाय : कॅट-६ ची मर्यादा १०० मीटर, त्यातले ९० मीटर भिंतीतली पक्की केबल, उरलेले दोन्हीकडच्या पॅच कॉर्डांचे. टोकाशी जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबली स्वस्त मिळतात. त्यांवर लिंकचा दिवा लागतो, पण केबलीतूनच वीज घेणारे कॅमेरे व अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी उपकरणे) त्यांवर टिकत नाहीत. साध्या पद्धतीत पोर्टमागे १५.४ वॉट आणि वरच्यांत ३० ते ९० वॉट वाहतात. अ‍ॅल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे गठ्ठ्यातली केबल तापते आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद पडतो. खरेदीच्या निविदेत ‘शुद्ध तांबे’ हे शब्द हवेत, आणि माल आल्यावर एका टोकाची तार खरवडून पाहावी. आत चंदेरी दिसली तर परत.

जुन्या दगडी इमारतींत भिंती जाड असल्याने व्हरांड्यातला अ‍ॅक्सेस पॉइंट वर्गात पोचत नाही. तो खोलीच्या आतच लावावा लागतो. रस्त्यापलीकडच्या इमारतीला ५.८ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक दिली, तर दोन किलोमीटरच्या मध्यावर लहरींना सुमारे पाच मीटर त्रिज्येचा मार्ग लागतो आणि त्यातला ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. उन्हाळ्यात जुळवलेली लिंक पावसाळ्यात पडते ती पुष्कळदा ढगांमुळे नव्हे, तर मधल्या झाडाला फुटलेल्या ओल्या पालवीमुळे.

वीज : रॅकमधले दोष पाहता पाहता बरेचसे विजेकडे जातात. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सियसला धरलेले असते. तापमान आठ-दहा अंशांनी चढे राहिले की ते निम्म्यावर येते. गच्चीखालच्या बंद खोलीत एप्रिल-मे काढणाऱ्या बॅटरीकडून छापील आयुष्याची अपेक्षा धरू नये. दर तीन महिन्यांनी भार देऊन प्रत्येक बॅटरीचा विद्युतदाब मोजावा. एक कमकुवत निघाली तर ती पूर्ण संच ओढून नेते. अर्थिंगचा रोध उन्हाळ्यातच मोजावा, कारण पावसाळ्यातला आकडा दिलासा देतो आणि फसवतो. वळवाच्या सरींबरोबर विजा येतात, त्याआधी खड्ड्यात पाणी घालणे आणि सर्ज-रोधक (अचानक चढणारा विद्युतदाब अडवणारे साधन) तपासणे हे मार्च संपण्यापूर्वीचे काम.

माती, ऊस आणि पूर : सांगली परिसरातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) डक्टचे, म्हणजे केबलीच्या नळीचे, कप्लर (सांधे) सुटतात, आत माती शिरते आणि पुढच्या वेळी केबल ओढता येत नाही. म्हणून डक्टभोवती वाळू किंवा चाळलेला मुरूम भरावा. साताऱ्याकडे खडक लवकर लागतो, खोली कमी पडते. तेथे डक्टवर काँक्रीटचे आवरण द्यावे लागते. दोन्हीकडे डक्टच्या वर तीसेक सेंटिमीटरवर इशारा-पट्टी टाकायलाच हवी. जेसीबीच्या दातात आधी ती येते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले, परंतु आवारातल्या आवारात बांधकाम विभाग आणि हे पथक यांच्यात खोदाईचा परवाना-कागद फिरला नाही, तर त्याचा उपयोग होत नाही.

खांबांवरून गेलेल्या केबलींना गळीत हंगामात धोका असतो. उसाने उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून जाताना सैल झोळ ओढून नेतात. हंगाम सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक केबलीची उंची मोजून ताण घ्यावा. घुशी आणि उंदीर केबली कुरतडतात. चिलखती केबल आणि डक्टच्या तोंडाला बूच हाच उपाय, विषाच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही.

चेंबरमध्ये उतरण्यापूर्वी दोन शेजारची झाकणे उघडून हवा खेळू द्यावी, वायुमापकावर प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करावी आणि एकाने वरच थांबावे. चालू तंतूच्या टोकात डोळा घालून पाहू नये. प्रकाश अदृश्य असतो, इजा मात्र होते. कापलेले तंतूचे तुकडे झाकणाच्या डबीतच जमा करावेत. कातडीत रुतलेला तुकडा दिसत नाही आणि लवकर निघत नाही.

नोंदींचे कायदेशीर अंगही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (उपकरणांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. क्षेत्रपथकाकडून यात हवे ते एवढेच, की दुरुस्तीत बदललेला स्विच लावताना त्याचे घड्याळ जुळवलेले असावे. नाहीतर त्याचा लॉग तपासात कामाला येत नाही.

सांगलीत आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. नदीकडच्या इमारतींसाठी पथकाकडे फुटांशी जोडलेली कृतिसूची असावी : ४० फुटांवर तळमजल्याच्या रॅकमधले स्विच आणि बॅटऱ्या वरच्या मजल्यावर, ४५ च्या आत त्या इमारतीचा वीजपुरवठा बंद, आणि क्लोजरांची झाकणे त्यापूर्वीच, जूनमध्ये, दाबून तपासलेली. पाणी ओसरल्यावर आधी वीज जोडू नये. भिजलेल्या तांब्याच्या केबली व जॅक सरळ बदलावेत. फायबरची केबल बहुधा वाचते. तिची टोके साफ करून, क्लोजर उघडून, ट्रे सुकवून पुन्हा ओटीडीआर लावावा आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहावा.