गाडी लांबली की मेंदूत काय होतं?

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत होता: 'गाडीला उशीर झाला तर चिडू नका. आभार माना. डोपामीन वाढेल, 21 दिवसांत मेंदू बदलेल.' खाली नमस्कारांची रांग. निपाणी स्टँडवर भर दुपारी कोल्हापूर गाडीची वाट बघणाऱ्याला हा मेसेज वाचून दाखवावा आणि काय ऐकायला मिळतं ते बघावं!

मुळात डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन, ही समजूतच कच्ची. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत बारीक तारा सोडून डोपामीन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत ठोके मोजले. अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळायच्या. मग आधी दिवा, थोड्या वेळाने रस, असा क्रम लावला. माकड तो शिकलं, तशा पेशी दिव्यालाच उसळू लागल्या; रस आला तरी ढिम्म. आणि दिवा लागूनही रस आलाच नाही, तर तो यायच्या नेमक्या वेळी ठोके नेहमीपेक्षाही खाली. म्हणजे पेशी रस मोजत नव्हत्या, वजाबाकी करत होत्या: मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ही वजाबाकी संगणकाला शिकवायच्या एका पद्धतीशी जुळवून दाखवली. तिच्यात अपेक्षा क्षणाक्षणाला बदलते: आत्ताचं बक्षीस, अधिक इथून पुढची अपेक्षा, वजा मघाची अपेक्षा. बक्षीस शून्यच राहिलं आणि नुसती अपेक्षा घसरली, तरी उत्तर उणे.

आता स्टँडवर या. गाडी वळते. पिशव्या उचलल्या जातात, पोर कडेवर येतं. पाटी दिसते: चिक्कोडी. पिशव्या खाली. "येतीय की ओ आत्ता," शेंगावाली म्हणते, की अपेक्षा पुन्हा वर. माकडांवरचा प्रयोग जसाच्या तसा माणसांना चिकटवू नये, पण तासाभरात असं चारदा झालं तर डोकं फिरणारच.

त्यात अनिश्चितता. लंडनमधल्या 2016 च्या एका प्रयोगात 45 जणांना संगणकावरच्या दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला शॉक. सर्वांत जास्त ताण आला तो शक्यता 50 टक्के असताना. शॉक बसणारच हे ठाऊक असताना ताण कमी होता! 2025 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांमधली बससेवा अडकली, तेव्हा 'बंद आहे'पेक्षा 'बहुतेक सुटेल' हेच जास्त छळत होतं. निघताना कुणीतरी 'कुठे चाललात' विचारलं म्हणून गाडी लांबली, हे घरातलं निदानही यातलंच. कसलंही का असेना, कारण सापडलं की बरं वाटतं. गाडीला मात्र तसं कुणी विचारलेलं नसतं.

मग आभार? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात काही जणांनी दहा आठवडे, दर आठवड्याला पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाले. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम बेताचाच दिसला. पण स्टँडवर तो का जमावा, याचा माझा अंदाज त्या वजाबाकीतूनच येतो. गाडीची अपेक्षा होती. बाकड्यावर सरकून जागा देणाऱ्या मावशींची नव्हती, पुडी बांधून झाल्यावर शेंगावालीने वर टाकलेल्या गरम मूठभर शेंगांचीही नव्हती. तिथे उत्तर अधिक येतं, फक्त लक्ष तिकडे हवं, पाटीकडे नको.

बाकी कंट्रोलरच्या खिडकीशेजारी कुणी खडूने 'कोल्हापूर 3.40' लिहून ठेवलं, तर आभाराच्या यादीत मी ते पहिल्या नंबरवर घालीन.