कोपऱ्यातल्या ठिपक्यांची किंमत

वाय-फाय ७ च्या राउटरच्या जाहिरातींत '४०९६-क्वाम' हा आकडा ठळक झळकतो. क्वाम (QAM) ही रेडिओ लहरीवर बिट चढवण्याची पद्धत. वाय-फाय ६ मध्ये तो १०२४ होता, तेव्हा वेग आता चौपट झाला असेल असं कुणालाही वाटेल. या आकड्यामुळे वेग खरं तर २० टक्क्यांनीच वाढतो, आणि तोही राउटरच्या अगदी जवळ बसलात तर.

वारंवारिता ठरलेली असली की रेडिओ लहरीच्या दोनच गोष्टी आपल्या हातात उरतात: आयाम (लहरीची उंची) आणि फेज (लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते). दोन्ही मिळून कागदावर एक ठिपका पक्का होतो. मध्यापासूनचं अंतर म्हणजे आयाम, कोन म्हणजे फेज. पाठवणारा आणि घेणारा कोणते ठिपके वापरायचे हे आधीच ठरवून ठेवतात, आणि त्या मांडणीला कॉन्स्टेलेशन म्हणतात. ठिपके १६ असले तर एक ठिपका ४ बिट सांगतो, १०२४ असले तर १०, ४०९६ असले तर १२. दहाचे बारा झाले, एवढंच.

वाटेत नॉइज, म्हणजे नको असलेला गोंगाट, मिसळतो आणि ठिपका जागचा हलतो. घेणारा त्याला सर्वांत जवळचा ठिपका समजतो. म्हणून दोन ठिपक्यांमधलं अंतर कमी करून चालत नाही. अंतर तेवढंच ठेवून चौपट ठिपके बसवायचे तर चौपट क्षेत्रफळ लागतं, आणि ऊर्जा मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे सरासरी शक्तीही जवळपास चौपट लागते. ती नसते, म्हणून दुसऱ्या खोलीत गेलात की राउटर गुपचूप कमी ठिपक्यांवर उतरतो.

आता माझ्या आवडीचा भाग. १६ ठिपक्यांचा चौरस घ्या. दोन्ही अक्षांवर -३, -१, १, ३ अशी मूल्यं. आतल्या चार ठिपक्यांची ऊर्जा १+१=२, कोपऱ्यातल्या चारांची ९+९=१८, उरलेल्या आठांची १०. सरासरी १०. कोपऱ्यातला ठिपका आतल्यापेक्षा नऊपट महाग, आणि काम मात्र तेच, ४ बिटचं!

मग कोपरे छाटून वर्तुळ का करू नये? ठिपके पुष्कळ असतील तरी त्याने जेमतेम साडेचार टक्के ऊर्जा वाचते. षटकोनी मांडणीत ठिपके अधिक दाट बसतात आणि १३ टक्के वाचतात. पण तिथे प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी. चौरसात शेजारी ठिपक्यांचे बिट-संकेत एकाच बिटने वेगळे ठेवता येतात, ही बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती. सहा शेजाऱ्यांत ती पुरती जमत नाही, आणि एका चुकीत दोन बिट बिघडू शकतात.

खरी गंमत ठिपके न हलवण्यात आहे. मांडणी चौरसच ठेवा, पण महाग ठिपके क्वचित वापरा. समजा प्रत्येक अक्षावर, अधिक-उणे चिन्ह सोडून, चारपैकी तीन वेळा १ आणि एकदाच ३ पाठवला. सरासरी ऊर्जा १० वरून ६ वर येते. माहितीही घटते, कारण निवड आता तितकी अनिश्चित नाही. एंट्रॉपी, म्हणजे या अनिश्चिततेचं बिटमधलं माप, मोजली तर ४ ऐवजी ३.६२ बिट. पण तेवढेच बिट समान वापराच्या चौरसाने पाठवायचे म्हटले तर ऊर्जा साधारण साडेसात लागते. आपलं काम सहात झालं.

ही काटकसर कुठवर ताणता येते? माहिती-सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवलेली, नॉइजमधून माहिती नेण्याची मर्यादा गाठली, तर चौरसाच्या तुलनेत सुमारे ३० टक्के. संभाव्यता ऊर्जेनुसार घातांकी पद्धतीने उतरती ठेवायची. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांनी वायूच्या रेणूंसाठी मांडलेला नियम हाच! ठरलेल्या सरासरी ऊर्जेत एंट्रॉपी जास्तीत जास्त करायची, हे गणित दोन्हीकडे एकच.

पण आपल्या बिटांत ० आणि १ समसमान असतात. ते असमान कसे करायचे? चार जागांत एकच ३ ठेवा: चार रचना होतात, म्हणजे २ बिट, दर जागेला अर्धा. चाळीस जागांत दहा वेळा ३ ठेवले तर ८४ कोटींहून अधिक रचना, म्हणजे २९ बिट, दर जागेला ०.७२५. तात्त्विक कमाल ०.८११ (वरच्या ३.६२ चा अर्धा, वजा चिन्हाचा १ बिट). गट लांबवावा तसं तिच्या जवळ जाता येतं, मात्र तेवढा हिशेब आणि विलंब वाढतो.

अडचण वाटेतल्या चुका सुधारता याव्यात म्हणून जोडलेल्या जादा बिटांची होती. ते पुन्हा समसमानच निघतात आणि कमावलेला उतार बिघडवतात. बोशरर, स्टायनर आणि शुल्टे या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेला तोडगा विलक्षण साधा आहे: हे बिट चिन्हांवर घाला. +३ आणि -३ यांची ऊर्जा सारखीच, तेव्हा चिन्हं समसमान राहिली तरी बिघडत काहीच नाही.

लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबरमध्ये ही पद्धत रुळली आहे. ठिपके तेच ठेवून फक्त उतार बदलला की वेग मार्गाच्या अवस्थेनुसार बारीक पावलांनी कमी-जास्त करता येतो. वाय-फाय ७ मात्र अजून समान वापराच्या चौरसावरच आहे. उपग्रहांचा प्रश्न आणखी वेगळा. तिथला अँप्लिफायर कमाल शक्तीच्या जवळ चालवतात, आणि तिथे मोठा आयाम विकृत होतो. म्हणून डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या मानकात १६ ठिपके दोन वर्तुळांवर बसवले आहेत, आत ४ आणि बाहेर १२. तिथे कोपरेच नाहीत.