कापसाचा एक तंतू, एक पेशी

शाळेत पेशीची ओळख बहुधा कांद्याच्या पापुद्र्यापासून होते. पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, सूक्ष्मदर्शीतून दिसणारे चौकोन वहीत काढायचे आणि शिक्षकांची सही घ्यायची, एवढ्यावर हा प्रयोग अनेकदा संपतो आणि ‘पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही’ हे वाक्य कायमचे मनात बसते. विदर्भातील विद्यार्थ्यांनी तरी हे वाक्य जसेच्या तसे मान्य करू नये, असे मला वाटते. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडे फुटू लागतात आणि तेव्हापासून कापूस वेचणाऱ्या प्रत्येकीच्या हातातून दिवसाकाठी कोट्यवधी पेशी जातात. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. अनेक पेशी एकापुढे एक जोडल्या जाऊन तो लांब झालेला नसतो.

आपल्याकडे सध्या सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीच्या संकरित वाणांमध्ये या पेशीची लांबी साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरते, तर रुंदी जेमतेम १५ ते २० मायक्रोमीटर असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे ही पेशी रुंदीच्या सुमारे दीड हजारपट किंवा त्याहूनही अधिक लांब असते. माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची असते आणि गालाच्या आतील बाजूची पेशी पन्नास-साठ मायक्रोमीटरची असते, हे लक्षात घेतले म्हणजे कापसाच्या पेशीने केवढी मजल मारली आहे ते कळते.

या पेशीचा उगम सरकीच्या सालीत आहे. फूल उमलते तेव्हा त्याच्या बीजांडकोशात कोवळी बीजांडे असतात, आणि प्रत्येक बीजांडाच्या बाहेरच्या थरातील काही पेशी त्याच दिवशी फुगून वर उठू लागतात. त्यांच्या शेजारच्या पेशी सपाट राहून पुढे सरकीचे टरफल बनवतात. वर उठलेली पेशी मात्र एकदा वाढू लागली की पुन्हा विभागत नाही. ती फक्त लांबत जाते. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात. जिनिंगमध्ये रुई वेगळी काढल्यानंतरही सरकीवर जी आखूड लव चिकटून राहते, तिचा प्रत्येक केससुद्धा एक-एक पेशीच असतो. ती पेशी उशिरा वाढू लागलेली आणि आखूड राहिलेली असते, एवढाच फरक. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८५५ साली ठामपणे मांडलेले तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते.

आता एक प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायलाच हवा. पुस्तक वाचताना आपण जेवढे अंतर ठेवतो तेवढ्या अंतरावरून, एकमेकांपासून सुमारे ०.१ मिलिमीटर दूर असलेले दोन ठिपके आपला डोळा कसेबसे वेगळे ओळखतो. कापसाचा तंतू तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच रुंद आहे. मग तो दिसतो कसा? याचे उत्तर घरीच शोधता येते. कापसाच्या पुंजक्यातून एकच तंतू चिमट्याने ओढून काढावा आणि तो आधी पांढऱ्या कागदावर व नंतर काळ्या कापडावर ठेवावा. कागदावर तो जवळजवळ हरवतो, तर काळ्या कापडावर, विशेषतः बाजूने ऊन पडत असेल तर, लख्ख दिसतो. एखादी वस्तू ‘आहे’ एवढे कळण्यासाठी तिच्यात आणि पार्श्वभूमीत पुरेसा उजेडाचा फरक असला की भागते. तिची रुंदी किती, तिच्या आत काय आहे, तिच्या दोन कडा वेगळ्या दिसतात की नाही, हे कळण्यासाठी मात्र भिंगे लागतात. सूक्ष्मदर्शीबद्दल बोलताना आपण ‘किती पट मोठे दिसते’ हेच विचारतो. माझ्या मते त्याआधी उजेडाचा आणि फरकाचा विचार करायला शिकले पाहिजे, कारण शाळेतील निम्म्याहून अधिक फसलेल्या निरीक्षणांचे मूळ तिथेच असते.

शाळेच्या संयुक्त सूक्ष्मदर्शीत नेत्रिका बहुधा १०x ची असते आणि वस्तुभिंगे ४x, १०x व ४०x किंवा ४५x ची असतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे एकूण विशालन. निरीक्षणाची सुरुवात नेहमी सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाने करावी. ४x चे भिंग लावून मंचावर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवावी आणि दिसणाऱ्या वर्तुळात मिलिमीटरच्या किती रेघा मावतात ते मोजावे. अनेक उपकरणांत ते अंतर साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे कापसाची एक अख्खी पेशी पाहायची तर अशी सहा-सात वर्तुळे ओलांडत काचपट्टी सरकवत न्यावी लागते. हे एकदा स्वतःच्या हाताने केले की त्या पेशीची लांबी मनात पक्की बसते. हेच वर्तुळ १०x च्या भिंगाखाली अडीचपट लहान होते आणि ४०x खाली दहापट लहान होते. त्यावरून तंतूची रुंदीही अंदाजाने काढता येते.

वीज नसलेल्या खोलीत आरशाने खिडकीतील आकाशाचा उजेड घ्यावा. आरसा सूर्याकडे मात्र कधीही वळवू नये. भिंगांतून एकवटलेले ऊन डोळ्याला कायमची इजा करू शकते. मंचाखालची प्रकाशाची झडप पूर्ण उघडी ठेवली की सगळे कसे झगझगीत आणि धूसर दिसते. ती थोडी मिटत नेली की तंतूच्या कडा उठून येतात. कोरडा तंतू पाहिला तर कडा जाड काळ्या दिसतात, कारण हवेतून तंतूत शिरताना प्रकाश फार वळतो. पाण्याचा थेंब टाकून वर आच्छादक काच ठेवली की प्रकाशाचे हे वळणे कमी होते आणि आतले दिसू लागते. आच्छादक काच एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडावी, नाहीतर खाली हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचा, आत अगदी स्वच्छ असा गोल दिसला तर तो बुडबुडा समजावा. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शीत पाहणारे विद्यार्थी याच बुडबुड्याची आकृती काढून तिला ‘पेशी’ असे नाव देतात.

फुटलेल्या बोंडातील तंतू १०x च्या वस्तुभिंगाखाली पाहिला की तो गोल दिसत नाही. तो चपटा असतो आणि ठिकठिकाणी पिळलेला असतो, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. तंतू जिवंत असताना आतल्या पाण्याच्या दाबाने गोल आणि ताठ होता. बोंड फुटून पाणी उडून गेले आणि शेतात ओलितासाठी अंथरलेला लपेटा पाइप मोटर बंद होताच बसतो तसा तो बसला. तो पिळतो याचे कारण असे, की त्याच्या भित्तिकेतील, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणातील, सेल्युलोजचे धागे मळसूत्रासारख्या वळशांनी बसवलेले असतात आणि त्या वळशांची दिशा मध्येमध्ये उलटते. ही पीळ हाच कापसाचा मोठा गुण आहे. पिळांमुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि त्यांचे सूत निघते. शर्ट टेरिकॉटचा असेल तर त्याचा एक धागा उसवून पाहावा: पिळलेले चपटे तंतू कापसाचे असतात आणि गुळगुळीत, सरळ, सळईसारखे तंतू पॉलिएस्टरचे असतात.

म्हणजे वेचलेल्या कापसात आपण पाहतो ती मृत पेशीची रिकामी भित्तिका असते. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाचा पातळ काप पाहून ज्या कप्प्यांची नोंद केली, तेही मृत पेशींच्या रिकाम्या भित्तिकाच होते. त्याच काळात हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी अँटोनी व्हान लेव्हेनहूक एकाच लहानशा भिंगातून तळ्याच्या पाण्यातील जिवंत एकपेशीय जीव पाहत होते. कापडाची वीण आणि सूत पारखण्यासाठी त्या काळचे व्यापारी भिंग वापरत असत, आणि सूक्ष्मजीवांचा शोध लावणारा माणूस याच धंद्यातून आला, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातील मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. पेशीतील केंद्रकाकडे लक्ष वेधून त्याला नाव मिळण्यासाठी पुढे १८३१ साल उजाडावे लागले; ते काम रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशींवर केले.

कापसाची जिवंत पेशी पाहायची असेल तर हिरव्या बोंडात शिरावे लागते, आणि त्यासाठी कपाशीच्या फुलाने मोठी सोय करून ठेवली आहे. अमेरिकन कपाशीचे फूल सकाळी उमलते तेव्हा फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. त्यामुळे पिवळसर फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधून त्यावर तारीख लिहिली, की त्या बोंडाचे वय दिवसासह ठाऊक होते. दहा, वीस आणि तीस दिवसांचे एक-एक बोंड चिरून पाहिले तर पेशीचा सगळा जीवनक्रम समोर येतो. येथे एक सूचना काळजीपूर्वक पाळावी. फवारणी झालेल्या वावरात विद्यार्थ्यांनी जाऊ नये. बोंड घरच्या मोठ्या माणसांकडून घ्यावे, ते धुवावे आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले आहेत. ही काळजी त्यामुळे वरवरची समजू नये.

दहा दिवसांच्या बोंडात तंतू ओलसर, काचेसारखे पारदर्शक आणि अतिशय नाजूक असतात. पेशीचा बहुतेक भाग एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो आणि पेशीद्रव्य भित्तिकेलगत पातळ थराने पसरलेले असते. रिक्तिकेत शर्करा, पोटॅशियम आणि सेंद्रिय आम्ले साठतात, त्यामुळे परासरणाने पाणी आत ओढले जाते, दाब वाढतो आणि अजून मऊ असलेली भित्तिका ताणली जाते. वाढीच्या ऐन भरात हा तंतू दिवसाला दोन मिलिमीटरच्याही आसपास लांबू शकतो. पावसाने नेमकी याच दिवसांत ओढ दिली आणि जमिनीत ओल उरली नाही, तर दाब कमी पडतो आणि तंतू आखूड राहतो. परासरणाची ही क्रिया स्पष्ट पाहण्यासाठी मात्र लाल कांद्याचा रंगीत पापुद्रा अधिक सोयीचा आहे. मिठाचे दाट पाणी घातले की आतला जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसताना काही मिनिटांतच दिसतो, आणि यालाच रससंकोच म्हणतात.

फूल उमलल्यापासून तीन आठवड्यांच्या सुमारास लांबी वाढणे थांबत येते आणि पेशी दुसऱ्या कामाला लागते. भित्तिकेच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढू लागतात आणि पुढचे तीन-चार आठवडे ते चढतच राहतात. पक्व तंतूचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. हे सेल्युलोज पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेपासून बनते. म्हणून लाल्या या विकृतीने कपाशीची पाने लाल होऊन अकाली गळली, तर बोंड फुटते खरे, पण आतल्या पेशींच्या भित्तिका पातळ राहतात. असा तंतू ताण सहन करत नाही, सूत कातताना गुंतून त्याच्या गाठी होतात, आणि रंगाऱ्याकडे तो नीट रंग घेत नाही, त्यामुळे कापडावर फिकट ठिपके राहतात. कापसाच्या प्रतवारीत मायक्रोनेअर नावाचा जो आकडा असतो, तो ठरावीक वजनाच्या रुईतून हवा किती सहज जाते यावरून काढतात आणि त्यातून तंतूची जाडी व भित्तिकेची पक्वता या दोहोंचा एकत्रित अंदाज येतो. बाजारात ठरणाऱ्या भावाचा एक धागा असा थेट पेशीभित्तिकेपर्यंत पोहोचतो.

भित्तिकेचे थर आणि त्यातील सेल्युलोजचे सूक्ष्म धागे शाळेच्या सूक्ष्मदर्शीत वेगळे दिसणार नाहीत. दृश्य प्रकाशाने पाहणाऱ्या कोणत्याही साध्या सूक्ष्मदर्शीला सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिले; ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीतून येते. त्यामुळे खोक्यावर ‘२००० पट’ असे छापलेले स्वस्त उपकरण घेण्यापेक्षा ४०० पटींचे स्वच्छ भिंगांचे उपकरण घेणे शहाणपणाचे आहे. त्यापलीकडे पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी लागतो, आणि त्याचा पहिला नमुना १९३१ साली जर्मनीत तयार झाला. ज्या शाळेत काहीच साधन नाही, तेथे शास्त्रज्ञ मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला कागदी घडीचा फोल्डस्कोप उपयोगी पडतो. तो सुमारे १४० पट विशालन देतो आणि कापसाची पीळ पाहायला तेवढे पुरते.

डोळ्यांना दिसते ती प्रत्येक लहान गोष्ट मात्र पेशी नसते. वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्र्याची फोड सोलली की आत रसाने भरलेल्या लांबट पिशव्या दिसतात आणि पुष्कळ जणांना त्याच पेशी वाटतात. प्रत्यक्षात अशी एक-एक पिशवी अनेक पातळ भित्तिकांच्या पेशींची बनलेली असते.

विद्यार्थ्यांना करून पाहण्यासारखे एक मोजमाप आहे. एकाच वावरातील पहिल्या वेच्याचा आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या कपाशीचा, कापूस वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावा, प्रत्येकातील शंभर तंतू पाण्यात ठेवून १०x च्या वस्तुभिंगाखाली पाहावेत आणि जाड कडांचे, नियमित पिळलेले तंतू किती व फिक्या कडांचे, पातळ, पीळ नसलेले तंतू किती, याची नोंद करावी. प्रयोगशाळांत हीच तपासणी तंतू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात फुगवून करतात, पण ते द्रावण डोळ्यांना व त्वचेला घातक असल्यामुळे विद्यार्थ्यांनी ते हाताळू नये. पाण्यातील निरीक्षणही फरक दाखवण्यास पुरेसे आहे. नमुन्यासाठी फरदड मुद्दाम ठेवण्याचे कारण नाही, कारण तिच्यावर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य मिळत राहते. गावात कोणाकडे आधीच वेचलेला असेल तो मूठभर कापूस या कामाला पुरतो.