समुद्रात झिरपणारे वंगण

यंत्रात घातलेले वंगण यंत्रातच राहते असे आपण गृहीत धरतो, पण काही ठिकाणी ते बाहेर पडणार हे ठरलेलेच असते. मोठ्या जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा मागच्या बाजूने एका नळीतून समुद्रात जातो. या नळीतल्या तेलाचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त ठेवण्याची पद्धत आहे, जेणेकरून पाणी आत शिरू नये. साहजिकच सील झिजले की तेल बाहेर झिरपते. करवतीच्या साखळीवरचे तेल आणि रेल्वेच्या वळणांवर रुळांना लावलेले ग्रीसही असेच थेट जमिनीवर पडते. पर्यावरणस्नेही वंगणांची सुरुवात अशाच जागांपासून व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

अमेरिकेने 2013 मध्ये आपल्या सागरी हद्दीत येणाऱ्या, सुमारे 24 मीटरपेक्षा लांब व्यापारी जहाजांना पाण्याशी संपर्क येणाऱ्या भागांत अशी वंगणे वापरण्याचे बंधन घातले. तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्यासच सूट मिळाली. वंगण जैवविघटनशील असावे, जलचरांना फारसे विषारी नसावे आणि त्यांच्या शरीरात साठू नये, अशा तीन अटी होत्या. विघटनाच्या एका प्रचलित चाचणीत 28 दिवसांत किमान 60 टक्के विघटन व्हावे लागते.

खनिज तेलातल्या हायड्रोकार्बनांच्या साखळ्या जिवाणूंना सहज तोडता येत नाहीत. वनस्पती तेले मात्र एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेली संयुगे, असतात आणि एस्टरचा बंध जिवाणूंची विकरे चटकन तोडतात. अडचण अशी, की आत शिरलेले पाणीही हाच बंध हळूहळू तोडते आणि त्यातून तयार झालेली आम्ले धातू व सील खराब करतात. शिवाय या तेलांतल्या दुहेरी बंधांवर उष्णतेत ऑक्सिजनची प्रक्रिया होऊन तळणीच्या कढईच्या कडेला जमतो तसा चिकट थर तयार होतो. म्हणूनच उद्योगांचा कल संपृक्त, म्हणजे असे दुहेरी बंध नसलेल्या, कृत्रिम एस्टरांकडे आहे. ते महाग असले तरी जास्त टिकतात.

ग्रीसच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. नेहमीच्या लिथियम ग्रीसला घट्टपणा देणाऱ्या साबणातले मेदाम्ल बहुधा एरंडेल तेलापासूनच बनते आणि एरंडीच्या उत्पादनात भारत, त्यातही गुजरात, जगात आघाडीवर आहे. पण ग्रीसमध्ये बहुतांश वाटा तेलाचाच असल्यामुळे ते तेल खनिज असेल, तर एवढ्याने ग्रीस पर्यावरणस्नेही ठरत नाही.

काही जहाजांनी तर तेलच काढून टाकले आहे: तिथे दांडा खास बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) बेअरिंगमध्ये समुद्राच्या पाण्यावरच फिरतो आणि बाहेर गळते ते केवळ पाणी.