दुसऱ्या डब्यात विंडोज का नांदत नाही

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात सीएनसी लेथला प्रोग्रॅम पाठवणारा एक्सपीवाला पीसी गेल्या पावसाळ्यात बसला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, डिस्क मात्र ठणठणीत. मालक म्हणाले, "अरे, सिमकार्ड नाही का या फोनमधून काढून त्या फोनमध्ये टाकत? तसं कर." केलं. दुसऱ्या सीपीयूत डिस्क लावली, एक्सपीचा लोगो आला, खालची पट्टी दोनदा सरकली आणि निळा स्क्रीन: 0x0000007B. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

डिस्कवरचा एक बाइटही हरवला नव्हता. मग अडलं कुठे?

डॉसच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आयओ.सिस, एमएसडॉस.सिस आणि कमांड.कॉम या तीन फायली डिस्कवर जागेवर असल्या की मशीन उठायचं. हार्डवेअरशी बोलणी बायोस, म्हणजे बोर्डातच भरलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, करायचा, डॉसला आपण कुणाच्या घरी आहोत याची फिकीर नसायची. 1995 साली विंडोज 95 प्लग अँड प्ले, म्हणजे नवं हार्डवेअर आपोआप ओळखायची सोय, घेऊन आलं. त्याची किंवा 98 ची डिस्क दुसरीकडे लावली तर 'न्यू हार्डवेअर फाउंड'च्या चौकटींचा पाऊस पडायचा, सीडी मागायची, आणि चार-पाच रीस्टार्टनंतर रडतखडत का होईना डेस्कटॉप दिसायचा.

खरी गोची विंडोज एनटीच्या वंशात झाली, म्हणजे विंडोज 2000 आणि ऑक्टोबर 2001 मधलं एक्सपी. यात सुरुवातीचं लोडिंग बायोसच्या मदतीने होतं, पण कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, जागा झाला की तो डिस्कशी स्वतःच्या ड्रायव्हरने बोलतो. इन्स्टॉल करताना जो डिस्क कंट्रोलर (डिस्क बोर्डाला जोडणारी चिप) सापडला, त्याचाच ड्रायव्हर बूटच्या वेळी चालू ठेवायची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, होते. इंटेलच्या चिपसेटवरून दुसऱ्या कंपनीच्या चिपसेटवर गेलात, किंवा बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुन्या आयडीईऐवजी नवा एएचसीआय असला, की कर्नलला समोरची डिस्कच दिसत नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. 7B चा अर्थ एवढाच. शिवाय कर्नल आणि हार्डवेअर यांच्यामध्ये एचएएल नावाचा थर असायचा, तोही इन्स्टॉलच्या वेळीच मशीन बघून ठरायचा. जाणकार माणूस डिस्क काढण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कंट्रोलरला साधा 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल' ड्रायव्हर देऊन ठेवायचा. पण त्यासाठी जुनं मशीन जिवंत लागतं.

कॉम्प्युटर क्लासेसमध्ये आणि सायबर कॅफेत यावर उतारा होता 'घोस्ट मारणं'. घोस्ट हे न्यूझीलंडमधल्या बायनरी रिसर्चचं सॉफ्टवेअर, 1998 मध्ये सिमँटेकने विकत घेतलं. एक पीसी नीट तयार करायचा आणि त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाकीच्यांवर उतरवायची. सगळे मदरबोर्ड एकाच मॉडेलचे असले तर बहार, एखादा वेगळा निघाला की तो हमखास रुसायचा. प्रत्येक नकलेचा एसआयडी हा ओळखक्रमांक बदललाच पाहिजे, अशीही एक पक्की समजूत होती. त्यासाठी न्यूएसआयडी नावाचं टूल आम्ही सोवळ्यात पाळल्यासारखं चालवायचो. 2009 च्या नोव्हेंबरात ते टूल बनवणाऱ्या मार्क रुसिनोविच यांनीच लिहिलं की दोन मशीनचा एसआयडी सारखा असल्याने तसं काही बिघडत नाही, आणि टूल बंद केलं. मायक्रोसॉफ्टने मात्र इमेज वाटण्याआधी सिसप्रेप हे आपलं टूल चालवण्याचा आग्रह सोडला नाही.

लिनक्सवाल्यांचा त्रास वेगळा आणि तुलनेने किरकोळ. कर्नलसोबत ड्रायव्हरचा ढीगच येतो, त्यामुळे डिस्क बहुधा उठते. पण डिस्कचं नाव एचडीएचं एसडीए झालं तेव्हा कित्येकांच्या एफएसटॅबमधल्या (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीतल्या) नोंदी लटकल्या. पुढे नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळखक्रमांक लिहायची सवय लागली. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ताही एका फाइलीत लक्षात ठेवलेला असायचा, म्हणून नव्या मशीनवर कार्डाचं ईटीएच0 हे नाव गायब आणि ईटीएच1 हजर.

विंडोजची तांत्रिक गाठ हळूहळू सुटली. व्हिस्टापासून एचएएल बूटच्या वेळी ठरू लागला, आणि विंडोज 8 पासून डिस्क ड्रायव्हरचा हट्टही बराच कमी झाला. 2012 मध्ये तर 'विंडोज टू गो' आलं: यूएसबीवरचं विंडोज, लावाल त्या मशीनवर चालणारं. म्हणजे हे जमत नव्हतं असं नाही. 2020 मध्ये तेही काढून टाकलं.

तोवर दुसऱ्या गाठी पक्क्या बसल्या होत्या. एक्सपीपासून अ‍ॅक्टिव्हेशन आलं. मशीनसोबतच येणारं ओईएम लायसन्स मदरबोर्डाला बांधलेलं, बोर्ड बदलला की बहुधा हक्क संपला. मग बायोसच्या जागी यूईएफआय आणि डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत जीपीटी, ज्यात जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क थेट बूट होत नाही (2017 मध्ये त्यासाठी एमबीआरटूजीपीटी हे टूल दिलं). आणि आता टीपीएम, म्हणजे किल्ल्या जपणारी मशीनमधली चिप. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला घालायचं कुलूप, चालू असलेली डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावा, 48 अंकी रिकव्हरी की मागते. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत नवीन पोरांना डिस्क हलवायला येते, ती की कुठे सेव्ह झाली हे मात्र कुणालाच आठवत नसतं. पूर्वी विंडोजला नवं घर ओळखता येत नव्हतं, आता ते ओळखतं आणि वर कागदपत्रं मागतं.

गाळ्यातल्या पीसीसाठी मी बायोसमध्ये आयडीई मोड लावून पाहिला. चिपसेटच वेगळा, नाही चाललं. एक्सपी नव्याने टाकायचं तर लेथच्या त्या सॉफ्टवेअरची सीडी नाही आणि ते देणारा कधीच धंदा बंद करून गेलेला. शेवटी भंगारातून त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला. डिस्क लावली, पहिल्याच झटक्यात डेस्कटॉप. मालकांनी दुसऱ्या दिवशी तसलाच आणखी एक बोर्ड आणवला. तो आता प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटावर, गणपतीच्या फोटोशेजारी ठेवलेला आहे.